विषय मागण्याआधी साधन पाहा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालये उघडली की एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मार्गदर्शकाकडे येतात आणि पहिलेच वाक्य बोलतात, "सर, विषय द्या." मराठी असो, इतिहास असो, समाजशास्त्र असो की शिक्षणशास्त्र, प्रकल्पाचे पुढचे सगळे बिघडते ते याच वाक्यापाशी, असे माझे ठाम मत आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.ला संशोधन प्रकल्प आला. तिसऱ्या सत्रात ४ श्रेयांक (क्रेडिट), चौथ्या सत्रात ६. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एका श्रेयांकाला ३० तास धरले तर दोन्ही मिळून ३०० तास होतात. रोज दोन तास म्हटले तरी पाच महिन्यांचे काम. एवढ्या वेळात मराठवाड्यातला विद्यार्थी आजवर कुणी कागदावर न आणलेले काहीतरी गोळा करून, तपासून, नीट मांडू शकतो. पण विषय मागितला की मिळतो तो 'ग्रामीण साहित्यातील स्त्रीजीवन : एक चिकित्सक अभ्यास' किंवा 'मराठवाड्यातील शिक्षणाच्या समस्या : एक दृष्टिक्षेप'. त्यात काळ नाही, गाव नाही, किती पुस्तके आणि कोणती तेही नाही. अशा विषयाला कोणतेही साधन, म्हणजे अभ्यासाची मूळ सामग्री, चालते, म्हणून विद्यार्थी आयते मिळेल ते उचलतो. पहिली दोन प्रकरणे जुन्या प्रबंधांतून, तिसरे इंटरनेटवरून आणि निष्कर्ष शेवटच्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात बसून. त्या पोराला लबाड म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या गळ्यात घातलेले काम ३०० तासांत कुणालाच झेपणारे नसते.

म्हणून उलट चालावे. विषय नंतर, आधी साधन. तुमच्या घरात, गावात, शाळेत, वाड्यावस्तीवर काय आहे? भजनी मंडळाची वही आहे का? शाळेचे दाखलखारीज (मुले आली-गेल्याचे) रजिस्टर किती सालापासूनचे आहे? जात्यावर गाणारी आजी हयात आहे का? १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेली माणसे आहेत का? दसऱ्यानंतर गावातून किती कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) साखर कारखान्याला जातात? हाताशी काय आहे ते ठरले की विषय आपोआप बेतात येतो.

भजनी वहीचेच घ्या. पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी शोधून शुद्ध केली. ज्ञानेश्वरीत जो पदरची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजा, असेही बजावले. पाठचिकित्सेचा, म्हणजे प्रती ताडून पाहण्याचा, हा धडा आपल्याच गोदाकाठचा आहे आणि तो आजच्या प्रकल्पाला जसाच्या तसा लागू पडतो. शेजारच्या दोन गावांतल्या दोन हस्तलिखित वह्या घ्याव्यात. दोन्हींत असलेले दहा-बारा अभंग निवडावेत, जास्त नकोत. एक वही पायाप्रत धरून प्रत्येक चरणाला क्रमांक द्यावा आणि दुसऱ्या वहीतला वेगळा पाठ खाली टिपावा. पानांचे फोटो दिवसा सावलीत, बरोबर वरून आणि फ्लॅश बंद ठेवून काढावेत. पहिल्या फोटोत गाव, मंडळ, वही कुणाकडची आणि तारीख लिहिलेला कागद असावा, नाहीतर महिन्याभराने कोणते पान कोणत्या वहीचे हे विद्यार्थ्यालाच सांगता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती पुढे. विद्यार्थी छापील गाथा समोर घेतो आणि वहीतले 'चुकलेले' दुरुस्त करत जातो. एकच अभंग एका वहीत 'तुका म्हणे' ने संपतो आणि दुसऱ्या वहीत 'नामा म्हणे' ने, हीच तर शोधाची जागा. तो अभंग त्या गावात कुणाच्या नावाने गायला जातो, कुणाकडून आला, वारकऱ्यांच्या कोणत्या फडाबरोबर आला, हे प्रश्न तिथून सुरू होतात. दुरुस्ती केली की प्रश्नही पुसला जातो. वहीत आहे तसे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट उतरवून घ्यावे. स्वतःचे मत तळटीपेत लिहावे, मजकुरात नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे काम याहून घाईचे आहे. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते दाराबाहेर गेले. जात्यावर गायलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सुरू केलेल्या कामातून राज्यभरातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. माजलगावच्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. म्हणून आता काही उरले नाही, असे मुळीच नाही. एका तालुक्यातल्या एका वस्तीचे काम आजही कुणी केलेले नसते.

ध्वनिमुद्रणाला महागडे यंत्र लागत नाही, साधा मोबाईल पुरतो, पण काही गोष्टी पाळाव्या लागतात. बाईला खुर्चीवर बसवून "ओव्या म्हणा" म्हटले तर पाच-सहा म्हणून ती थांबते. जात्याशी बसवा, दोन मुठी ज्वारी द्या, शेजारीण समोर बसवा. हाताला फेर मिळाला की एकीतून दुसरी ओवी निघत जाते. मोबाईल विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, फोन हातभर अंतरावर जात्याखेरीज दुसऱ्या कशावर तरी ठेवावा, कारण जात्याची घरघर दगडातून थेट फोनमध्ये जाते आणि आवाज बुडतो. मुद्रण वेव्ह (WAV, आवाज न दाबणाऱ्या) स्वरूपात ठेवावे. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका वाहिनीचे तासभराचे मुद्रण साधारण ३५० एमबी भरते; तेवढी जागा आधीच मोकळी करून जावे. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर मागवलेल्या ओव्या संशोधनाच्या कामाच्या नाहीत, तिथे आवाज दाबला जातो आणि बारीक स्वर निघून जातात. सुरुवातीला तारीख, गाव, गाणारीचे नाव, वय, माहेर, सासर आणि तिची परवानगी तिच्याच आवाजात मुद्रित करून घ्यावी. माहेर विचारायला हमखास विसरतात. ओवी माहेराहून येते. ते गाव नोंदले नाही तर ओवीचा प्रवासच कळत नाही.

उतरवून घ्यायला एका तासाच्या मुद्रणाला सहा ते आठ तास लागतात. तो वेळ आराखड्यात धरलेला नसतो, म्हणून घाईघाईत प्रमाण मराठी लिहिली जाते. बाई म्हणते "लेक माजी येऊ लालीय" आणि वहीत उतरते "लेक माझी येत आहे". आपल्याकडचे 'करू लालाय', 'जाऊ लालाव' हे चालू काळाचे रूप म्हणजे लातूर-नांदेडकडच्या बोलीची ओळख. ते पुसून मग त्याच प्रकल्पात 'मराठवाडी बोलीचे सौंदर्य' नावाचे प्रकरण कशाच्या जोरावर लिहायचे? 'ग बाई', 'सांगते बाई तुला' असे पुन्हा पुन्हा येणारे शब्दही गाळू नयेत. गाणारी तेवढ्या वेळात पुढची ओळ जुळवत असते, तो तिच्या रचनेचाच भाग आहे. आणि बाईची हरकत नसेल तर प्रकल्पात तिचे नाव द्यावे. 'एक वृद्ध महिला' असे लिहून तिची गाणी घेणे योग्य नाही.

दुष्काळाच्या आठवणींचेही तसेच. १९७२ साली वीस वर्षांचे असलेले आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. "दुष्काळात तुम्हाला काय वाटले?" असे विचारले की "लई हाल झाले" एवढेच उत्तर येते, आणि ते खरेच असते, पण त्याचा उपयोग होत नाही. वस्तूवरून विचारावे. सुकडी (दुष्काळी कामांवर वाटलेला कोरडा आहार) कशात आणायचात? मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी थापताना मोडायची का? खडी फोडताना मोजणी कशी व्हायची, दिवसाचा ढीग कोण मापायचे, हप्ता किती दिवसांनी? तान्हे लेकरू कामावर कुठे ठेवायचात? माणूस वस्तू आठवतो आणि वस्तूबरोबर बाकीचे सगळे येते. पुढे ज्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, तिच्यामागची कामे काय होती, हे कामावर राबलेल्या माणसाच्या तोंडून समजते.

आता कागदांकडे येतो. गेल्या काही वर्षांत 'हैदराबाद गॅझेट', 'निजामकालीन नोंदी', 'खासरा पत्रक' हे शब्द मराठवाड्यात घराघरांत पोहोचले. कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांचा तुटवडा सगळ्यांनी पाहिला. आपल्या भागाचा कारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चालला, गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या मोडीत. म्हणजे आपल्याच आजोबा-पणजोबांच्या नोंदी आपल्याच पदवीधरांना वाचता येत नाहीत. एम.ए. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एका सत्रात मोडीची तोंडओळख होऊ शकते. रोज अर्धा तास, आधी छापील मुळाक्षरे, मग एकाच हातचे दहा कागद. वेगवेगळ्या हातांचे कागद सुरुवातीला देऊ नयेत, तिथेच मुले हरतात. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, त्यामुळे अक्षरे ओळखता येऊनही वाक्य लागत नाही. त्याला उपाय एकच, मोठ्याने वाचणे. आकड्यांत आणखी एक फसगत होते. १॥ म्हणजे दीड. नवखा ते १११ वाचतो आणि दीड पायलीची एकशे अकरा पायली होते.

सालांचा घोळ तर जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात सापडतो. हैदराबाद संस्थानात फसली (महसुली) साल चाले आणि ते साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यात, सुरू होई. इसवी सन काढायला विद्यार्थी सरसकट ५९० मिळवतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला ते बरोबर. जानेवारी ते सप्टेंबरच्या नोंदीला ५९१ मिळवावे लागतात. फसली १३५७ हे साल ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे येते. त्यातल्या शेवटच्या, आबान महिन्यातली शाळाप्रवेशाची नोंद १९४७ ची मानली तर ती १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तिदिनाच्या एक वर्ष मागे जाते आणि मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीत शाळा भरत होती की नव्हती, याचा निष्कर्षच उलटा होतो. म्हणून मूळ साल, महिना, दिवस कागदावर आहे तसा लिहावा आणि इसवी सन शेजारच्या रकान्यात द्यावा. मूळ तारीख टाकून फक्त इसवी सन ठेवला की चूक पुढे कुणालाही पकडता येत नाही.

समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्राच्या सर्वेक्षणांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या कितीतरी गावांतली माणसे दसरा-दिवाळीला ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. आपल्या विद्यापीठांच्या वेळापत्रकात मात्र क्षेत्रकार्य येते डिसेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा घरी असतात म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली लेकरे. विद्यार्थी उघडी दिसतील ती ५० घरे धरतो आणि 'गावातील ४० टक्के कुटुंबप्रमुख साठ वर्षांवरील' असा निष्कर्ष काढतो. गाव म्हातारे झालेले नसते, तरणी माणसे उसाच्या फडावर असतात. शाळेचा अभ्यास करणाऱ्याचीही हीच गत. हजेरीपटावर नाव दिसते, मूल कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) असते. म्हणून प्रश्नावली पोळ्यानंतर आणि दसऱ्याआधी भरून घ्यावी, नाहीतर सरळ कारखान्याच्या टोळीवर जावे. जूनमध्ये साधन ठरले तरच हे जमते, नोव्हेंबरमध्ये विषय मिळाला तर नाही.

प्रश्न कसा विचारायचा हेही महत्त्वाचे. "वार्षिक उत्पन्न किती?" या रकान्यात सगळ्या गावाचे उत्पन्न सारखेच येते, कारण लोक दाखल्यावरचा आकडा सांगतात. त्याऐवजी यंदा मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, कोयता जोडीचा होता की अर्धा, असे विचारावे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे ध्यानात ठेवले तर 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात फक्त पुरुषाचे नाव लिहिणे किती अपुरे आहे ते कळते. उचलीबद्दल बाईला वेगळे विचारावे, आणि मुकादम शेजारी उभा असताना कुणालाच विचारू नये. या प्रकल्पांत नावे, गाव आणि मुकादम झाकूनच ठेवावेत. ओव्यांच्या कामात नाव देणे जितके गरजेचे, तितकेच इथे ते न देणे गरजेचे आहे.

आणि टक्केवारी. ३० जणांना विचारून '६६.६७ टक्के' लिहितात. ३० मध्ये एक माणूस म्हणजेच ३.३३ टक्के, तेव्हा दशांशाच्या दोन घरांना काय अर्थ राहतो? '३० पैकी २०' असे लिहावे, वाचणाऱ्याला लगेच कळते. काय-वर्ग (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी सांख्यिकी) चाचणी लावायचा तर भारीच सोस असतो. तक्त्यातल्या एखाद्या घरातली अपेक्षित वारंवारता पाचपेक्षा कमी येत असेल तर ती चाचणी तिथे भरवशाची नाही, एवढे तरी लावण्याआधी पाहावे.

शिक्षणशास्त्राचे साधन तर वर्गातच असते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी (बंजारा बोली) आणि शहरांत उर्दू घेऊन पहिलीत येणारी लेकरे आहेत. बी.एड., एम.एड.च्या विद्यार्थ्यांनी एकाच वर्गातल्या दहा मुलांना रोजच्या वापरातल्या शंभर वस्तूंची चित्रे दाखवून, कोणती नावे मराठीत येतात आणि कोणती घरच्या भाषेत, एवढे जरी जूनमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये नोंदले तरी तो शिक्षकाच्या हाती पडण्याजोगा अभ्यास होतो.

टंकलेखनाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण त्यामुळे केलेले कामही वाया जाते. आजही कितीतरी मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप होतात. छापून चांगले दिसतात, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची खिचडी. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) चढवलेला असा प्रबंध नावाने सापडतो, आतला एकही शब्द शोधून सापडत नाही. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो वाचता येत नाही, आणि मग 'साम्य २ टक्के' असा दाखला मिळतो ज्याला काही अर्थ नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांत सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. हा नियम मराठी प्रबंधांना खऱ्या अर्थाने लागू व्हायचा तर मजकूर युनिकोडमध्ये हवा. तपासणी अगदी सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा. मराठी उमटली तर ठीक, नाहीतर परत पाठवा. जुना मजकूर परिवर्तकातून (युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधून) काढला तर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हटकून बिघडतात, तेव्हा पुन्हा ओळ न् ओळ वाचावी लागते.

मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना यातून माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. प्रकल्पाचे साधन ३१ जुलैच्या आत विभागात दाखवल्याशिवाय विषयाचे नाव नोंदवून घेऊ नये. नाव हवे तर सप्टेंबरमध्ये ठरू द्या. आणि प्रकल्प जमा करताना बांधलेल्या प्रतीबरोबर मूळ मुद्रणे, पानांचे फोटो, भरलेल्या प्रश्नावल्या (नावे झाकून) आणि एका पानाचे माहितीपत्रक विभागाच्या हार्ड डिस्कवर घ्यावे, त्याची दुसरी प्रत ग्रंथालयात असावी. माहितीपत्रकात गाव, तालुका, तारीख, कोणी गायले किंवा सांगितले, कोणी टिपले, परवानगी कशासाठी आहे आणि फाईलचे नाव, एवढे सात रकाने पुरेत. फाईलच्या नावात तारीख (साल-महिना-दिवस अशी) आधी आणि गाव नंतर असावे, म्हणजे क्रमाने लागतात. यंदाच्या तुकडीपासून हे सुरू करायचे तर विभागांनी या आठवड्यातच विद्यार्थ्यांना गावाकडे धाडायला हवे. पोळ्यानंतर हाताशी राहतील ते जेमतेम पाच-सहा आठवडे.

आपला,
एक संशोधन मार्गदर्शक,
अंबाजोगाई